कासेवरचा शिक्का

मी संशयी माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या आळीत माझ्याबद्दल बोलताना हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. मी फक्त खात्री करून घेतो. भाजीवालीने तराजू उचलला की पारड्याच्या बुडाखालून बोट फिरवतो. कोणी वाटेत थांबून "काय आंबर्डेकर, बरं आहे ना?" असं विचारलं, तर याला माझ्या बरं असण्याशी काय कर्तव्य, एवढा विचार करतो. यात संशय कुठे आला? फोर्टातल्या एका मालवाहतूक कचेरीत पार्सल खात्यात वीस वर्षं काढली की माणसाला सवय लागतेच. माझ्या हातून गाठ न तपासता आणि वर लाखेचा शिक्का न बसता एक पुडकं बाहेर गेलेलं नाही.

तर चोपन्न साली दिवाळीच्या सुमारास आमची मंदा टायफॉईडमधून उठली. नऊ वर्षांची पोर, पण उचलून घेतली तर हाताला वजन लागेना. डॉक्टर म्हणाले, "औषध पुरे झालं. आता दूध पाजा. पण दूध हं आंबर्डेकर, पाणी नव्हे."

मी दोन महिन्यांत तीन गवळी बदलले. पहिला पाणी घालायचा. दुसऱ्याच्या मी पाठोपाठ विहिरीपर्यंत गेलो, तर त्याने मलाच विचारलं, "काय साहेब, पोहरा हवा का?" तिसऱ्याचं दूध चांगलं निघालं, आणि त्यामुळे तर माझी झोपच उडाली. चांगलं दूध हा माणूस मलाच का देतो?

शेवटी शेजारचे महिपतराव म्हणाले, "परशुरामपंत, गायच घ्या." महिपतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. हातात काम नाही आणि सल्ला मात्र प्रत्येक गोष्टीवर तयार. समोरच्या गोदूबाईंनी गाय कुठल्या वाराला आणावी, आणताना कुठला पाय आधी पडावा, हे सांगितलं. मी टिटवाळ्याला जाऊन पोपट नावाच्या इसमाकडून गौरा नावाची तांबडी गाय आणली, सोबत दोन महिन्यांचा पाडा. घरामागे जुनी पडवी होती, तिचा गोठा केला. आमची ही म्हणाली, "धार कोण काढणार?" हा प्रश्न तेवढा महिपतरावांनी माझ्यावर सोडला होता.

गौराला माणसं पसंत नव्हती. मी जवळ गेलो की ती कान मागे टाकायची. अखेर कोपरची सगुणाबाई आली. पन्नाशीची आगरी बाई, नवरा मिठागरावर. ती सकाळ-संध्याकाळ सात घरच्या गाई-म्हशींची दुधं काढायची. तिने गौराच्या पाठीवर हात फिरवला, दोन शब्द काहीतरी पुटपुटली आणि गौराने पान्हा सोडला. पहिल्याच दिवशी चरवी वरपर्यंत फेसाळली. मंदाने पेलाभर धारोष्ण दूध पिऊन ओठावर पांढरी मिशी काढली, तेव्हा खरं सांगतो, मला भडभडून आलं.

पण मी खात्री करून घेतो, हे सांगितलंच.

सगुणाबाई बसली की चारही सडांची पहिली धार तळहातावर घ्यायची, हात जरा उजेडाकडे धरायची आणि मग ते दूध जमिनीवर सोडून द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "पयली धार धरतरीची, भाऊ. आमच्या आजीपास्नं हाय." म्हणजे सकाळी चार, संध्याकाळी चार, रोजच्या आठ धारा मातीत. धरतीला टायफॉईड झाला होता का? दुसरं म्हणजे ती दूध काढता काढता अर्धवट उठायची, पाडा सोडायची, मग परत बसायची. या गोंधळात कोणाच्या पोटात काय जातं याचा हिशेब कोण ठेवणार?

आणि महिन्याभरात संध्याकाळचं दूध पावशेराने घटलं.

"दुपारी कोणीतरी काढतंय," महिपतराव हलक्या आवाजात म्हणाले. तो आवाज मला आवडला. माझ्या मनात जे कालपासून होतं ते एका जबाबदार माणसाने बोलून दाखवलं होतं. "तुम्ही कचेरीत. वहिनी घरकामात. गोठ्याचं दार मागच्या अंगाला. आता तुम्हीच काय ते समजा."

गोदूबाई म्हणाल्या, "दृष्ट आहे." मी त्यांच्याकडेही जरा निरखून पाहिलं. दृष्ट लावायला समोरच्या खिडकीइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

दोन रात्री विचार केला. दुपारी गोठ्यावर पहारा ठेवायचा तर पहारेकऱ्यावर कोण नजर ठेवणार? तिसऱ्या दिवशी कचेरीत एक कापडी पुडकं शिवून घेत होतो, त्याला दोरी आवळली, गाठीवर लाख टाकली, शिक्का दाबला आणि माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

जाड किंतान आणून हिच्याकडून एक पिशवी शिववून घेतली. कासेला खालून बसेल अशी, वर पाठीवर दोन बंद. "गाईला चोळी शिवताय?" ही म्हणाली. माझा स्वतःचा पितळी शिक्का होता, वर 'प. भि. आं.' अशी अक्षरं, परशुराम भिकाजी आंबर्डेकर. सकाळची धार झाली की पिशवी चढवायची, पाठीवर बंदांची गाठ मारायची, गाठीखाली लाकडाची चीप, चिपेवर लाख, लाखेवर शिक्का. संध्याकाळी घरी आलो की शिक्का तपासून मीच फोडायचा. पार्सल सुरक्षित.

सगुणाबाईने पिशवी पाहिली आणि कंबरेवर हात ठेवले. "ह्ये काय, भाऊ?"

"माश्या बसू नयेत म्हणून."

"आन् वर शिक्का? माश्यांना वाचाला येतं?"

मी विषय बदलला. त्याच वेळी दोन नियमही सांगून टाकले. धरतीची धार बंद, पहिल्यापासून सगळं दूध चरवीत. आणि शिक्का मारल्याशिवाय मला निघता येत नाही, तेव्हा धार पावणेआठच्या आत संपलीच पाहिजे. मी घड्याळ हातात धरून शेजारी उभा राहू लागलो.

"कास रिकामी नाय झाली अजून," ती म्हणायची.

"राहू दे. संध्याकाळी काढ."

"असं ठेवू नये, भाऊ. जनावराला बाधतं."

मला हसू आलं. बाईला दूध मागे ठेवायची भीती वाटते, म्हणजे नेमकं कुठे दुखतंय ते कळलंच की! मागे राहिलेलं दूध माझ्या शिक्क्याखाली बँकेत ठेवल्यासारखं सुरक्षित होतं.

पाच दिवस गेले. शिक्का रोज शाबूत, आणि दूध रोज कमी. तूट पावशेराची अर्धा शेर झाली, अर्ध्याची शेर. मी कचेरीतून भिंग आणून शिक्क्याचे कंगोरे तपासले. कोणी बनावट शिक्का तर तयार केला नाही? कल्याणच्या बाजारात एका तांबटाकडे गेलो आणि सहज म्हणून विचारलं, की हल्लीच कोणी असा शिक्का करून घेतला काय? तो म्हणाला, "नाही, पण तुम्हाला करून देतो." मी त्याचंही नाव मनात टिपून ठेवलं.

सहाव्या दिवशी सकाळी हिने दूध तापत ठेवलं आणि ते नासलं. पातेल्याच्या तळाशी बारीक गुठळ्या. मंदाचा पेला तसाच पालथा राहिला. पोरगी नुसती पाटावरून उठून गेली. माझं डोकंच फिरलं. सगुणाबाई अजून अंगणात हात धूत होती.

"काय घातलंस यात? ताक? लिंबू? पाणी घालून वर काय घातलंस ते सांग!"

ती उभी राहिली. पदराला हात पुसले. आवाज अजिबात चढवला नाही.

"तुमी मना चोर बोल्लाव," ती म्हणाली. "सात घरच्या गाई माझ्या हातान् हायत. आजपावतर कोन नाय बोल्ला." मग चरवी उपडी करून ओट्यावर ठेवली. "जातंय मी. पन त्या डाव्या मागच्या सडाला हात लावून बघा. तापलाय. पिशवी काढा ती."

"पिशवी काढा" हे शब्द माझ्या कानावर पडले आणि बाकीचे पडलेच नाहीत. चोराला कुलूप नकोच असतं, असं मी हिला मोठ्याने सांगितलं, तिला फाटकापर्यंत ऐकू जाईल इतपत.

संध्याकाळी धार काढायला मीच बसलो. त्याचं वर्णन फार करत नाही. पहिली लाथ चरवीला लागली, दुसरी मला. मी शेणात बसलो असताना महिपतराव कुंपणावरून म्हणाले, "डाव्या बाजूने बसलात, उजव्या बाजूने बसायचं असतं." दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूने बसलो, लाथ तिकडूनही आली. पण तेवढ्यात हाताला लागलं ते लागलं. डावा मागचा सड आणि त्याच्यावरची कास दगडासारखी टणक, चटका बसावा इतकी गरम. त्यातून दुधाऐवजी पिवळट पाणी आणि दह्यासारखे तुकडे येत होते. गौराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. गोदूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. महिपतराव म्हणाले, रेल्वेत असताना एका साहेबाच्या गाईला ब्रँडी पाजली होती. गाईचं पुढे काय झालं असं विचारल्यावर म्हणाले, "साहेबाची बदली झाली." कोणी हळद-चुना सांगितला, कोणी रक्तचंदन. मी थोडं थोडं सगळंच लावलं, आणि वरून पिशवी पुन्हा चढवून शिक्का मारला. लेप चोरीला जाऊ नये म्हणून नव्हे. सवयीने.

मंदा दिवसभर गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहायची. "बाबा, गौरा मरणार का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "छे!" आणि कल्याणला निघालो.

कल्याणला गुरांचा एक दवाखाना होता. तिथल्या कंपाउंडरने छापील कागद पुढे ओढला. "गाव?"

"डोंबिवली."

"गोठा गावाच्या हद्दीत की हद्दीबाहेर?"

मी खोटं बोलत नाही. हद्दीचा दगड नेमका आमच्या पडवीच्या मधोमध होता. "तोंड हद्दीत आहे," मी म्हणालो. "कास बाहेर."

त्याने टाक खाली ठेवला. "रोग कुठे आहे?"

"कासेत."

"मग हद्दीबाहेरचा अर्ज लागेल. त्यावर पाटलाची सही."

"अहो, पण गाय एकच आहे!"

"मग असं करा," तो अगदी सहानुभूतीने म्हणाला, "घरी जा, गाय उलटी बांधा आणि उद्या हद्दीतला अर्ज घेऊन या."

आतल्या खोलीतून कोणीतरी खो-खो हसलं. तरुण डॉक्टर बाहेर आले, हातात बॅग. "मारुती, अर्ज राहू दे," ते कंपाउंडरला म्हणाले. "चला हो, मला ती गाय बघायचीच आहे."

डॉक्टर येताहेत ही बातमी आमच्या आधीच आळीत पोहोचली होती. महिपतराव, गोदूबाई आणि आणखी आठ-दहा माणसं गोठ्यापाशी हजर. डॉक्टर म्हणाले, "एक काळं फडकं द्या." घरात काळं फडकं नव्हतं. हिची काळी चंद्रकला साडी होती, पण ही दोन्ही हात आडवे धरून दारात उभी राहिली. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावर स्थिरावली.

वीस वर्षं जी टोपी घालून मी कचेरीत गेलो ती काळी टोपी त्यांनी हातात घेतली, उलटी नाही, सरळ, आणि प्रत्येक सडाची पहिली धार तिच्या चपट्या माथ्यावर सोडली. तीन धारा गुळगुळीत ओघळल्या. चौथीतून पांढऱ्या गुठळ्या पडल्या, काळ्यावर ठळक दिसाव्यात अशा. "कासेची सूज," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे दगडी म्हणतात. गुठळी पहिल्या धारेतच दिसते, सूज यायच्या आधीसुद्धा. रोज बघत नव्हतात?"

मला सगुणाबाईचा तळहात आठवला. उजेडाकडे धरलेला.

"बघणारी होती," ही म्हणाली. "यांनी बंद केलं."

धारेआधी सोडून बाजूला टाकलेली पिशवी डॉक्टरांनी उचलली, वास घेतला आणि झटकन लांब धरली. किंतान शेणा-मुताने ओलं कच्च झालं होतं. "आणि हे दिवसभर कासेला? वर दूधही अर्धवट ठेवत होता? रोगाला यापेक्षा मऊ गादी मिळायची नाही." मग त्यांनी पाठीवरच्या गाठीची चीप उजेडात धरली आणि सावकाश वाचलं, "प. भि. आं. हे कोण गृहस्थ?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उघड्या डोक्याने उभा होतो.

"मी," मी म्हणालो.

"बरीच जनावरं पाहिली," डॉक्टर म्हणाले, "पण अपराधी सही-शिक्क्यानिशी मिळाला तो आजच."

महिपतराव सर्वांत मोठ्याने हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "पण त्याआधी दूध घटलं होतं! दुपारी कोणीतरी काढत होतंच!"

तेव्हा उंबऱ्यावरून बारीक आवाज आला. "बाबा, वासराला मी सोडत होते. ते दुपारी फार ओरडायचं. मला दोन पेले मिळायचे आणि त्याला काहीच नाही."

ज्या चोरासाठी मी भिंग, लाख आणि कल्याणचा तांबट एवढं सगळं केलं, तो चोर माझ्याच घरात पाटावर बसून माझ्याच हाताने दूध पीत होता. मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. मी खालीच बसलो.

डॉक्टरांनी सडातून पेनिसिलीन सोडलं. मग सांगितलं, "दर दोन तासांनी कास पूर्ण रिकामी करायची. हात लाल औषधाच्या पाण्यात धुवून. आजारी सड सर्वांत शेवटी, आणि ते दूध जमिनीवर नाही, भांड्यात घेऊन खड्ड्यात, वर चुना. चार दिवस घरात दूध घ्यायचं नाही. हे नीट झालं तर तीन सड वाचतील. नाही झालं तर चारही जातील. काढणार कोण?"

गौराने माझ्याकडे बघून कान मागे टाकले.

मी तसाच कोपरला गेलो, बोडका. सगुणाबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. शेजारच्या चार बायका आधीच तिथे बसलेल्या, आणि मला पाहून त्यांची बोलणी थांबली. तिने बस म्हटलं नाही.

"सगुणाबाई, गाय आजारी आहे."

"ठावं हाय मना. मीच सांगितला."

"तुम्ही यायला हवं."

"चोराला गोठ्यान् कशाला बोलावताव?" सूप चालूच होतं. "घरून निघताना माझी झडती कोन घेनार, तुमी का तुमचा शिक्का?"

मी घसा साफ केला. मनात एक चांगलं वाक्य जुळवलं होतं, गैरसमज, परिस्थिती वगैरे. ते काही आठवेना. "मी तुम्हाला चोर म्हणालो," मी म्हणालो, त्या चार बायकांदेखत. "तुम्ही चोरी केली नाही. वासराला मंदा सोडत होती आणि रोग मी केला. माझं चुकलं. मला लाज वाटते."

सूप थांबलं. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "टोपी कुठाय?"

मी सांगितलं. आधी एक बाई हसली, मग चारही जणी, मग सगुणाबाईने तोंडाला पदर लावला. "चला," ती उठत म्हणाली. "तुमच्यासाठी नाय. गायीसाठी. पन मी बसले का घड्याळ खिशान् ठेवायचा."

चार दिवस ती आमच्याकडेच राहिली. मी रजा काढली. अर्जात कारण 'कासेची सूज' असं लिहिलं, तर साहेबांनी निरोप्याबरोबर विचारलं, "कोणाच्या?" दर दोन तासांनी सगुणाबाई बसायची, मी लाल पाणी, चुना आणि खड्डा सांभाळायचो. खड्डा मी तीनदा उकरला, कारण महिपतरावांना तो प्रत्येक वेळी चुकीच्या जागी वाटला. पाचव्या दिवशी गौराने पेंड खाल्ली. सातव्या दिवशी टोपीवर तीन धारा स्वच्छ उतरल्या, आणि त्या संध्याकाळी मंदाच्या ओठावर पुन्हा पांढरी मिशी आली. चौथा सड मात्र गेला. त्यातून पुढे थेंब आला नाही.

ती टोपी आता गोठ्यातच खुंटीवर असते. रोज सकाळी सगुणाबाई तिच्यावर पहिल्या धारा घेते, उजेडात बघते, आणि मग टोपी जमिनीवर झटकते. धरतीचं धरतीला मिळतं, मी काही बोलत नाही. मग ती मनाला येईल तितका वेळ बसते. कास रिकामी झाली की उठते. मी नव्या टोपीत पुढची गाडी पकडतो.

परवा महिपतराव कुंपणावरून डोकावले. "काय गं सगुणा, मी मघापासून बघतोय. तीनच सडांचं काढतेस. चौथ्याचं कोणासाठी मागे ठेवतेस?" आणि माझ्याकडे बघून, त्या जुन्या हलक्या आवाजात, "परशुरामपंत, जरा लक्ष ठेवा हं."

सगुणाबाईने मान वर केली नाही. चरवीतला फेस बोटाने बाजूला सारला.

"चौथा भाऊंचा," ती म्हणाली. "त्यावर त्यांनी शिक्का मारलाय. आता कोन नाय चोरनार."